नाझीमभाईंचा रहाट

नाझीमभाईंना कोणी पत्तेवाले म्हटलं की ते हातातलं काम खाली ठेवत. पाना असो, नाहीतर चहाचा कप. मग अगदी शांतपणे सांगत, "पत्ते नाय. कार्ड. पत्त्यांत राजा-राणी असतात आणि खाली सतरंजी असते. ह्यात नुस्तं डोकं असतं." समोरचा हसून निघून जायचा. बोर्ली पंचतनच्या बाजारपेठेत पत्ते आणि कार्ड यांतला फरक समजावून सांगणारा हा एकच माणूस होता, आणि सुरुवातीला तरी तो समजून घेणारा मी एकटाच होतो.

मी ग्रामपंचायतीत कॉम्प्युटर ऑपरेटर. रहिवासी दाखले, जन्माचे दाखले, मरणाचे दाखले, हे माझं काम. आमच्या ऑफिसचा इन्व्हर्टर महिन्यातून दोनदा मरायचा आणि त्याला उठवायला नाझीमभाई यायचे. मला त्यांनी पहिल्या दिवसापासून "आपरेटर" हाक मारली ती शेवटपर्यंत. माझं खरं नाव त्यांना ठाऊक होतं की नाही, शंका आहे. एकदा दुपारी इन्व्हर्टरचं विचारायला त्यांच्या एसी दुरुस्तीच्या दुकानात गेलो, तर उघड्या पडलेल्या एसीशेजारी स्टुलावर टॉवेल अंथरून हे गृहस्थ एकटेच दोन्ही बाजूंनी खेळत बसलेले. मी विचारलं, कोण जिंकतंय? म्हणाले, "हा समोरचा. जरा हुशार हाय तो."

उंच, वाकलेला बांधा, घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला. एसीच्या कामाने हात कायम काळे. पण कार्डांना हात लावायच्या आधी ते साबणाने कोपरापर्यंत हात धुवत आणि एकेक बोट वेगळं पुसत. त्यांची बायको, शाहिदाभाभी, म्हणायच्या, "माझ्या हातचं जेवायच्या अगोदर यवढं हात धुतलं असतं तर मी धन्य झाले असते." खेळताना ते प्रत्येक चाल तोंडाने सांगत आणि पुढे विचारत, "हरकत?" समोरच्याला मधेच आडवं जायचा हक्क असतो या खेळात, म्हणून ते विचारायचं. बाकीचे खेळाडू नुसती नजर टाकतात आणि पुढे जातात. नाझीमभाई थांबत. समोरच्याने मान हलवल्याशिवाय त्यांचं बोट कार्डावरून सुटत नसे. ही सवय पुढे इतकी अंगात मुरली की गॅस भरतानाही गिऱ्हाईकाला विचारत, "आता व्हॉल्व्ह खोलतो, हरकत?" एकदा भाभींनी त्यांच्या ताटात भात वाढता वाढता विचारलं, "हरकत?" तर हे गंभीरपणे म्हणाले, "नाय."

हा खेळ त्यांना कुवेतने दिला. एकोणीस वर्षं तिथे एसी दुरुस्त केले, एका खोलीत सहा जण. त्यातला रोमी नावाचा एक फिलिपिनो. सुट्टीच्या दिवशी बाकीचे झोपा काढायचे, फोनवर घरी बोलायचे, आणि हे दोघं इस्त्रीच्या टेबलावर कार्डं मांडून बसायचे. यांना इंग्रजी यथातथाच, आणि त्या कार्डांवर तर बारीक अक्षरांत परिच्छेदच्या परिच्छेद. रोमीने एकेक ओळ समजावली, यांनी पाठ केली. रोमीचं कंत्राट संपलं तेव्हा जाताना त्याने यांच्या हातावर आठ चमकी कार्डं ठेवली. आठही एकच कार्ड. ती कार्डं नाझीमभाई जेवढी जपत तेवढं त्यांनी स्वतःचं गुडघेदुखीचं औषधही कधी जपलं नाही.

आता खेळाबद्दल थोडं सांगायला हवं. दोघांनी खेळायचा. हजारो कार्डांतून आपापली साठ निवडून, त्यांचा डेक बांधून घरूनच आणायचा. एकच कार्ड डेकमध्ये चारपेक्षा जास्त वेळा घालायचं नाही. म्हणजे अर्धा खेळ टेबलावर बसायच्या आधीच, बांधताना, होऊन गेलेला असतो. कोणी मोठमोठे राक्षस गोळा करतो आणि समोरच्याला तुडवतो. नाझीमभाईंना तो प्रकार आवडत नसे. ते कॉम्बो डेकवाले. कॉम्बो म्हणजे अशी दोन-तीन कार्डं, जी एकेकटी अगदी फालतू असतात, पण एकत्र आली की थांबतच नाहीत.

त्यांच्या डेकचं नाव रहाट. दिवेआगरला एका ओळखीच्या सुपारीच्या वाडीत ते मला मुद्दाम घेऊन गेले होते. वाडीवाल्याने पंप बसवून कैक वर्षं झाली, पण विहिरीवर जुना रहाट तसाच होता, मडकी लावलेला. नाझीमभाईंनी तो हाताने ढकलून फिरवून दाखवला. "हे बघ. मडकं रिकामं खाली जातं, भरलेलं वर येतं. एक मडकं फुटलं तरी चालतं. दोर तुटला तर नवा बांधता येतो. पण मधला आस मोडला की खेळ खलास." मग वाडीतल्याच कट्ट्यावर कार्डं मांडली. एक छोटा प्राणी, त्याला ते मडकं म्हणत. तो आपणच मारायचा. दुसरं कार्ड, दोर, त्याला परत जिवंत करायचं. आणि तिसरं कार्ड, आस: प्राणी परत आला की दर वेळेस समोरच्याचा एक पॉइंट जायचा. समोरच्याकडे पॉइंट वीस. तिन्ही कार्डं टेबलावर आली की वीस फेऱ्या, आणि संपलं. रोमीची आठ चमकी कार्डं म्हणजे हाच आस.

ऐकायला सोपं वाटतं. पण साठ कार्डांतून नेमकी तीन वेळेवर हातात यायला हवीत, आणि ती येईपर्यंत जिवंत राहायला हवं. उरलेली सगळी कार्डं त्यासाठी. डेकमधून हवं ते कार्ड शोधून आणणाऱ्याला ते पोस्टमन म्हणत. समोरच्याला रोखून धरणारे, ते गुरखे. पोस्टमन तीन की चार, या एका प्रश्नावर आमचे दोन महिने गेले. रोज दुपारी, जोहरची नमाज झाली की, ते पडवीत बसून डेक पिसायचे, पहिली सात कार्डं उचलायचे, वहीत एक खूण करायचे, परत पिसायचे. चांगला हात आला तर उभी रेघ, वाईट आला तर आडवी. असे शंभर हात झाले की एक कार्ड बदलायचं आणि पुन्हा शंभर. मी एकदा वैतागून म्हटलं, नाझीमभाई, चारवरून तीन केले तर काय आभाळ कोसळेल? म्हणाले, "आभाळ न्हाय कोसळायचं. पण चौथा पोस्टमन लागेल त्या दिवशी तो घरी असेल." माझा एक आवडता ड्रॅगन होता, तोही त्यांनी काढून टाकायला लावला. "दिसायला झकास हाय. पण करतो काय?" मी म्हटलं, मारतो. "मग त्याला दुसरीकडे नोकरी बघ."

गावात त्यांच्या हाताची एक ख्याती होती, कार्डांशी काही संबंध नसलेली. आमच्याकडे सुगी आटपली की गावोगाव क्रिकेटच्या टुर्नामेंट लागतात, आणि कोणाची मॅच कोणाशी यावरून मॅचपेक्षा जास्त भांडणं. लॉट काढताना चिठ्ठ्यांत घोळ केला असं प्रत्येक टीम प्रत्येक वर्षी म्हणते. नाझीमभाई कुवेतहून परत आल्यापासून चिठ्ठ्या तेच काढायचे. शर्टाच्या बाह्या वर, डबा हलवायचा, तोंड फिरवायचं, चिठ्ठी काढायची, आणि न उघडता समोरच्याच्या हातात द्यायची. कोळीवाड्यापासून ब्राह्मणआळीपर्यंत कोणीही हरकत घेतली नाही. "नाझीमभाईंनी काढली ना? मग ठीक हाय," एवढ्यावर भांडण मिटायचं.

माणगावला स्टेशनरीच्या एका दुकानाच्या माळ्यावर महिन्यातून एकदा कार्डं खेळणारे जमत, दहा-बारा जण. तिथे एकदा नाझीमभाई सरळ जिंकत होते. मधेच थांबले. म्हणाले, "मघाशी मी एकाऐवजी दोन कार्डं उचलली. चिकटलेली होती. आता ध्यानात आलं." समोरच्या मुलाला पत्ताही नव्हता. तो म्हणाला, जाऊ दे चाचा, चालतं. यांनी डाव सोडला. परत येताना एसटीत मी त्यांच्यावर चिडलो. कोणी बघितलं होतं का, म्हटलं. "माझे डोळे काय गहाण पडलेत?" म्हणाले आणि खिडकीला डोकं टेकून झोपले.

कार्डांमुळे त्यांना घरचाच एक जबाब द्यावा लागला होता. हाजीचाचा त्यांचे सख्खे काका, वडिलांच्या माघारी यांना वाढवलेले. नाझीम दुकानात पत्ते खेळतो असं त्यांच्या कानावर गेलं. एका शुक्रवारी नमाजनंतर काठी टेकत थेट दुकानात आले. मी तिथेच होतो. नाझीमभाईंनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि समोर डेक ठेवला. "चाचा, तुम्ही स्वतः खेळून बघा. मग जे बोलाल ते." म्हातारा दीड तास खेळला. हरला. मग चष्मा पुसत विचारलं, "ह्यात पैसा लावत नाय?"

"नाय."

"जिंकलास तर मिळतं काय?"

"काय नाय, चाचा."

"मग हा जुगार न्हाय," हाजीचाचा म्हणाले. "हा खुळेपणा हाय. खुळेपणाला मनाई नाय." आणि उठता उठता: "पण ह्या कार्डांवरून कोणी तुझ्या नावाला बोट लावलं, की बंद. त्याच दिवशी." नाझीमभाईंनी छातीवर हात ठेवला. "त्याच दिवशी बंद."

म्हणून त्यांना मुंबईची कार्डांची मोठी टुर्नामेंट खेळायची होती. मला ते बरेच दिवस कळलं नव्हतं, वाटायचं हौस आहे. एकदा विचारलं तेव्हा म्हणाले, "आपरेटर, एकदा मोठ्या हॉलमध्ये माईकवर माझं नाव पुकारू दे. बोर्लीचा नाझीम. पोरं फोनात बघतील, गावात दाखवतील. मग परत कोण पत्तेवाला बोलणार नाय." छप्पन्न वर्षांच्या माणसाचं हे एवढंच मागणं होतं.

मलाही नेलं. मी तोपर्यंत बऱ्यापैकी खेळायला लागलो होतो. माझा डेकही रहाटच, त्यांनीच बांधलेला. रोमीच्या आठ कार्डांतली चार त्यांनी त्यांच्या डेकमध्ये घातली आणि चार मला दिली. "तुझ्याकडे असली काय, माझ्याकडे असली काय," म्हणाले.

आता ती कार्डं ज्यात राहायची त्या डब्याचं. चमकी कार्डांना एक खोड असते. दमट हवेत ती वाकतात, आणि आमच्या किनाऱ्याला हवा दमट नसते असा दिवस नसतो. साधी कार्डं कशीही राहतात, पण चमकी होडीसारखी होतात. नाझीमभाईंनी यावर उपाय काढला होता. बिस्किटांचा पत्र्याचा डबा, त्यात तांदूळ, आणि तांदळात फडक्यात गुंडाळलेली ती आठ कार्डं. तांदूळ ओल खेचून घेतो, मीठदाणीत घालतो तसाच. दर पंधरवड्याला भाभी तांदूळ बदलायच्या आणि जुना कोंबड्यांना टाकायच्या. कार्डं सरळसोट राहायची. एकोणीस वर्षं हवेतली ओल मोजण्यात घालवलेल्या माणसाने एवढाच एक हिशोब केला नाही, की मुंबईच्या हॉलमध्ये एसी असेल.

आदल्या दिवशी निघालो. मांडव्याहून बोटीत बसलो तेव्हा वारं होतं, पाणी आत उडत होतं. डबा त्यांच्या मांडीवर. मी माझं जर्किन काढून त्यावर घातलं. ते म्हणाले, "तू भिजशील की." हे मी मुद्दाम लिहितो आहे. डबा मी पाहिला होता, हाताळला होता, त्यावर माझं जर्किन होतं.

रात्री त्यांच्या भाचीकडे राहिलो. सकाळी कार्डं डब्यातून काढून डेकमध्ये घातली आणि डबा तिथेच ठेवून हॉलवर गेलो. आत शिरल्याबरोबर त्यांनी छताकडे बघितलं. "वा. फिल्टर साफ ठेवलेत." तिथली कोरडी थंडगार हवा त्यांना फार आवडली. अडीचशे माणसं, लांबच लांब टेबलं, आणि आम्ही दोघं खेड्यातले, पिशवीत थालीपीठ घेऊन. पहिल्या चारही फेऱ्या ते जिंकले. मीही जिंकलो. त्यांच्या समोरचा प्रत्येक जण सुरुवातीला त्यांच्या "हरकत?"ला हसायचा, आणि मग मडकं खाली-वर व्हायला लागलं की हसू जायचं. मडक्याच्या वीसच्या वीस फेऱ्या ते करून दाखवायचे, एकही गाळायचे नाहीत. शेजारच्या टेबलवरचे उठून बघायला यायचे. मला वाटतं, त्यांच्या आयुष्यातले ते सर्वांत चांगले चार तास असतील.

पाचव्या फेरीला काळा टी-शर्ट घातलेला पंच आला आणि तपासणीसाठी त्यांचा डेक उचलून घेतला. कोणाचाही उचलतात, त्यात काही विशेष नाही. त्याने डेक डोळ्यांसमोर आडवा धरला. मग एका जागी बोट लावून उघडला: आस. परत लावलं: आस. चार वेळा, चारही आस. तांदळात सुकलेली ती कार्डं एसीच्या कोरड्या हवेत उलट्या बाजूला वाकली होती. साठातली फक्त चार, आणि तीही नेमकी ज्यांच्यावर सगळा डेक चालतो ती. पिसताना ज्याला हवं त्याला ती बोटाने लागली असती.

"सर, ही चारच कार्डं अशी का?" पंचाने विचारलं. आवाज नम्र होता.

नाझीमभाईंनी कार्ड हातात घेतलं, बघितलं, आणि त्यांचा चेहरा पडला. त्यांना लगेच कळलं, काय झालं ते. "मी ती तांदळात ठेवतो," म्हणाले. "ओल लागू नये म्हणून. इथली हवा कोरडी. त्यामुळं."

"तांदळात?" आजूबाजूचे दोघं-तिघं हसले.

नियम असा आहे: कार्डं नकळत वाकलेली असली तर एक डाव जातो. मुद्दाम वाकवली असली तर माणूसच बाहेर. पंचाला एवढंच ठरवायचं होतं. मी शेजारच्याच टेबलावर खेळत होतो; नाझीमभाईंनी वळून माझ्याकडे हात केला. "ह्याला विचारा. आमच्या गावचा हाय. डबा ह्यानं बघितलाय."

पंच माझ्या टेबलाशी आला. माझ्या डेकमध्ये त्याच डब्यातली चार कार्डं होती. माझीही वाकली असणार, मी तोवर बघितली नव्हती, पण असणारच. मी पाचव्या फेरीत होतो आणि अजून हरलो नव्हतो. तो म्हणाला, "तुम्ही यांच्याकडे तांदळाचा डबा बघितलाय?"

मी म्हणालो, "असेल. मी त्यांच्या घरी फारसा जात नाही."

हे वाक्य मी कुठून आणलं मला माहीत नाही. तयार नव्हतं, पण झटकन आलं, अगदी सहज, दाखल्यावर शिक्का मारावा तसं. नाझीमभाई माझ्याकडे बघत होते. रागाने नाही. खेळताना समोरच्याने अनपेक्षित कार्ड टाकलं की ते असेच बघत. मग त्यांनी मान खाली घातली आणि आपली कार्डं गोळा करायला लागले. पंच त्यांना कोपऱ्यातल्या टेबलाकडे घेऊन गेला. तिथे काय बोलणं झालं मला ऐकू आलं नाही. दहा मिनिटांनी माईकवर नाव पुकारलं गेलं. नाझीम, आणि पुढे "डिसक्वालिफाइड".

आणि मी? फेरी संपल्याबरोबर मी संडासात गेलो, कडी लावली आणि माझी चार कार्डं काढून बघितली. वाकलेली होती. ती तळव्यात धरून उलट बाजूला दाबत राहिलो, सरळ होईपर्यंत. त्या हॉलमध्ये त्या दिवशी कार्डांना मुद्दाम हात लावणारा माणूस एकच होता. मी सातवा आलो. मला बक्षीस म्हणून चित्र छापलेली रबरी चटई मिळाली.

परतीच्या बोटीत ते समुद्राकडे तोंड करून बसले. मांडवा दिसायला लागलं तेव्हा त्यांनी विचारलं, "कितवा आलास?" सांगितलं. "चांगलं झालं. चार पोस्टमन ठेवले ते बरं केलं." मला त्या वेळी त्यांनी एक थोबाडीत दिली असती तर मी आज सुखी असतो.

आम्ही गावात पोचायच्या आधी बातमी पोचली होती. माणगावचा एक जण तिथे होता. त्याने ग्रुपवर टाकलं: बोर्लीचे चाचा पत्त्यात चीटिंग करताना पकडले गेले. पुढे हसणारे चेहरे. बघता बघता ते सगळीकडे गेलं. कोणी त्यांना तोंडावर काही बोललं नाही. आमच्याकडे तोंडावर बोलत नाहीत. फक्त त्या वर्षी टुर्नामेंटचे लॉट काढायला सरपंचांनी शाळेतल्या गुरुजींना बोलावलं. नाझीमभाई सवयीने वेळेवर आले होते, बाह्या वर करून. कोणीतरी म्हणालं, "नाझीमभाई, तुम्ही बसा ना खुर्चीवर." ते बसले, आणि बाह्या खाली करून गुंड्या लावल्या.

हाजीचाचांनी त्यांना एकदाच विचारलं. भाभींनी मला नंतर सांगितलं. "पकडलं ते खरं?" "खरं." "केलंस?" "नाय, चाचा." म्हाताऱ्याने विश्वास ठेवला. पण शब्द तो शब्द. त्याच दिवशी कार्डं बंद झाली. डेक कुठे गेला, जाळला की समुद्रात टाकला, मला कळलं नाही. दुकानातलं स्टूल राहिलं, टॉवेल गेला. काही दिवसांनी हाजीचाचा काठी टेकत ग्रामपंचायतीत आले. त्यांना कसलाही दाखला नको होता. माझ्या खिडकीशी उभे राहून म्हणाले, "तू व्हतास ना तिथं? मग चार लोकांत सांग की काय झालं ते. माझं कोण ऐकणार, मी चुलता."

मी म्हणालो, "मी दुसऱ्या टेबलावर होतो, चाचा. नीट बघितलं नाही."

ते "बरं" म्हणाले आणि गेले. मी त्यांच्या पाठीमागे उठलोसुद्धा नाही. रांगेत माणसं होती, पुढच्याचा अर्ज घेतला.

दुकान आधी दुपारचं बंद राहायला लागलं, मग सकाळचंही. वर्ष सरायच्या आत त्यांनी नव्या मुंबईत एका मोठ्या ऑफिसच्या इमारतीत एसी सांभाळायची नोकरी धरली. मुलगी तिकडेच राहायची. गाव सोडायचं कारण मुलगी, असं ते सगळ्यांना सांगत. लोकांनाही ते कारण बरं वाटलं.

ते निघाले त्या सकाळी मी दिघीच्या जेट्टीवर गेलो. रजा टाकून गेलो, मुद्दाम. तिथून जंगलजेट्टीने, म्हणजे गाड्याही नेणाऱ्या बोटीने, आगरदांड्याला उतरून ते पुढे जाणार होते. भाभी सामानाजवळ बसल्या होत्या. मला बघून नेहमीसारखं म्हणाल्या, "न्याहारी केलीस का रे?" त्यांना काहीच माहीत नव्हतं. मी नाझीमभाईंना बाजूला नेलं. मनाशी वाक्यं जुळवून आलो होतो, ती सगळी गेली. एवढंच म्हणालो, "मी सांगतो गावाला. डबा मी बघितला होता. मी सगळ्यांना सांगतो."

"आता?" ते म्हणाले. "आता सांगशील तर विचारतील, तेव्हा का नाय बोललास. मग तुझं जाईल. माझं तर गेलंच हाय."

"नाझीमभाई..."

"त्या पंचानं मला कोपऱ्यात नेलं ना, तवा शेवटचं विचारलं," ते बोटीकडे बघत म्हणाले. बोटीचा फळा खाली पडत होता, गाड्या उतरायला लागल्या होत्या. "म्हणाला, ह्याच डब्यातली कार्डं हॉलमधी अजून कोणाकडं हायत का? मी म्हटलं, नाय."



"चाचाला मी सांगितलंय, मी काय खोटं केलं नाय. तेवढं एक केलं." त्यांनी पत्र्याची अवजारपेटी उचलली. "ते चाचाला सांगू नको. म्हातारा माणूस."

मग ते भाभींना हात देऊन फळ्यावरून आत गेले. गाड्यांच्या मधून कठड्याशी जाऊन उभे राहिले, माझ्याकडे पाठ करून. फळा उचलला गेला, बोट वळली, आणि वळल्यावर पाठही दिसेनाशी झाली.

हाजीचाचा अजून आहेत. दर वर्षी हयातीच्या दाखल्यासाठी कोणा ना कोणाला सोबत घेऊन माझ्या खिडकीशी येतात. नाझीमभाईंनी नको म्हटलं ते मी त्यांना सांगितलेलं नाही. बाकीचंही सांगितलेलं नाही.